समजावणे आणि सांत्वन

आजारी मुलाच्या आईवडिलांपाशी जाऊन आपण काय बोलावे? हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे आणि श्रद्धेचाही. दुःखितापाशी आपण जे बोलतो त्यावरून आपला देव कसा आहे, हे तो नकळत ताडत असतो.

मुंबईत परळ येथे १९४१ सालापासून टाटा मेमोरियल रुग्णालय उभे आहे. बिहार, बंगाल, आसाम, तसेच आपल्या विदर्भ-मराठवाड्यातूनही कर्करोगग्रस्त मुलांना घेऊन पालक तेथे येतात. मुलांमध्ये नेहमी आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. इतके दिवस राहायचे कोठे? रुग्णालयाजवळच्या पदपथावर मांडलेले संसार मुंबईने वर्षानुवर्षे पाहिले आहेत. औषधांमुळे मुलाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. त्यात अशुद्ध पाणी व उघड्यावरचे अन्न जीवघेणे ठरू शकते. हातचे पैसे संपतात, गावी ठेवलेल्या इतर लेकरांची काळजी लागते आणि काही पालक उपचार अर्धवट सोडून परत जातात. बरे होऊ शकले असते असे मूल मग केवळ निवाऱ्याअभावी गमवावे लागते.

ही उणीव काही लोकांनी ओळखली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा देत आली आहे. २००६ साली श्यामा व निहाल कविरत्ने या दांपत्याने मुंबईत ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ ही संस्था सुरू केली. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना व त्यांच्या पालकांना ती विनामूल्य राहण्याची सोय देते. राहायला स्वतंत्र खोली आणि रांधायला सामाईक स्वयंपाकघर, अशी तेथील रचना असते. पुढे कोलकाता, दिल्ली, हैदराबाद इत्यादी शहरांतही तिची केंद्रे निघाली.

अशा घरांत जाणाऱ्या स्वयंसेवकांची कामे साधीच असतात. कोणी मुलांना अक्षरे गिरवायला शिकवतो, कोणी त्यांच्याशी खेळतो, कोणी भाषा न समजणाऱ्या आईला कागद वाचून दाखवतो. परंतु केव्हातरी ती आई विचारतेच, “माझ्याच बाळाला का?” खरी कसोटी तेथे लागते.

उत्तर देण्याचा मोह अनावर असतो. कोणी पूर्वकर्माकडे बोट दाखवतो. आपल्यातला कोणी ‘देवाची इच्छा’ म्हणतो, तर कोणी विश्वासाची परीक्षा. ही उत्तरे बहुधा आईसाठी नसतातच. समोरचे दुःख आपल्याला असह्य होते, म्हणून त्याला कारणाचे झाकण घालून आपण आपली सुटका करून घेतो. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, हेच प्रथम विचारले होते. प्रभूने दोषाची ती वाटणी नाकारली आणि त्याला दृष्टी दिली (योहान ९).

ईयोबाच्या पुस्तकात याविषयी एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे. तिघे मित्र ईयोबाकडे निघाले तेव्हा त्यांच्या हेतूसाठी मूळ इब्री भाषेत दोन क्रियापदे येतात (२:११). पहिल्याचा मूळ भाव हलणे, दुःखिताबरोबर मान डोलावणे असा आहे. दुसऱ्याचा, सांत्वन करणे. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसले. तोवर सारे ठीक होते. पुढे ते समजावू लागले आणि अखेरीस देवाचा कोप त्यांच्यावर भडकला. हीच दोन क्रियापदे शेवटच्या अध्यायात पुन्हा एकत्र येतात (४२:११). तेथे ईयोबाचे भाऊबंद त्याच्या घरी येऊन त्याच्याबरोबर जेवतात आणि त्याला पैसे व सोन्याचे वळे देतात. मित्रांना जे साधले नाही ते येथे पार पडते. ईयोबावर अरिष्ट का आले, याचा उलगडा मात्र कोणीही करीत नाही. जेवण, पैसा आणि सोबत यांनीच ते सांत्वन घडते.

भाषांतर करताना नव्या करारातील अशाच एका शब्दापाशी थबकावे लागते. योहानाच्या शुभवर्तमानात आपण ज्याला ‘कैवारी’ म्हणतो, तो मूळ ग्रीक शब्द ‘जवळ बोलावलेला’ या अर्थापासून निघाला आहे. पौलाच्या पत्रांतील ‘सांत्वन’ त्याच धातूतून आले आहे. म्हणजे सांत्वन करणाऱ्याचे पहिले लक्षण त्याचे ज्ञान नव्हे, त्याचे जवळ असणे होय.

यावर कोणी म्हणेल, मग विश्वास ठेवणाऱ्याने मुके राहावे काय? नाही. परंतु ‘तुझे मूल नक्की बरे होईल’ हे वचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आशा धरणे वेगळे आणि देवाच्या नावाने हमी देणे वेगळे. ‘मला ठाऊक नाही, पण मी उद्या येईन’ असे सांगून खरोखर उद्या जाणे, यात सत्यही आहे आणि प्रीतीही. आणि एखाद्या आईने सांत्वन नाकारलेच तर तेही सोसावे. राहेलीने ते नाकारले. यिर्मयाने व मत्तयाने तिचा आक्रोश शास्त्रात तसाच राहू दिला.

आणखी एक सावधगिरी. त्या घरातली बहुतेक कुटुंबे अन्य धर्मांची असतात. निवारा आणि औषध यांवाचून जो हतबल झाला आहे, त्याला आपले बोलणे नाकारण्याचे स्वातंत्र्य कितपत उरते? कोणी मागितल्यास प्रार्थना अवश्य करावी. विचारल्यास आपल्या आशेचे कारणही सौम्यपणे सांगावे. परंतु सेवेला अट जोडू नये. दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ जण परतले नाहीत, म्हणून प्रभूने त्यांची शुद्धता काढून घेतली नाही (लूक १७).

आपल्या मंडळ्यांत उपदेशकांची वाण नाही. मोठ्या रुग्णालयांच्या शहरांत आपली मंदिरे आहेत, सभागृहे आहेत, निवृत्त शिक्षक आणि परिचारिका आहेत. आठवड्यातील एक दुपार अशा घरासाठी राखून ठेवणे त्यांतील पुष्कळांना शक्य आहे. त्या आईच्या ‘का’ला उत्तर देणे आपल्या हाती नाही. तिच्या शेजारी बसून भाजी निवडणे मात्र आहे.