समुद्राची खोली आणि अनुमानाची उपाधी

उपग्रहाच्या चित्रावरून किनाऱ्याजवळच्या पाण्याची खोली काढतात, तेव्हा तळ प्रत्यक्ष दिसतो की त्याचे अनुमान होते? समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या निळ्या प्रकाशाचा बहुतांश, कित्येकदा नऊ-दशांश भाग हवेनेच विखुरलेला असतो. तळाची खूण उरलेल्या अल्प भागात असते. म्हणून आधी वातावरण वजा करावे लागते, आणि तळाचे ज्ञान अनुमानावर अवलंबून राहते.

हवेच्या रेणूंमुळे होणारे विकिरण हवेचा दाब आणि सूर्य व उपग्रह यांचे कोन यांवरून गणिताने काढता येते. धूळ, धूर आणि क्षारकण यांचे प्रमाण मात्र सतत बदलते. गॉर्डन आणि वांग यांनी १९९४ साली मांडलेल्या पद्धतीत ते निकट-अवरक्त प्रकाशावरून ठरवतात. स्वच्छ, खोल पाणी हा प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषते. तेव्हा तेथे नोंदला गेलेला अवरक्त उजेड हवेचाच, असे धरून निळ्या-हिरव्या पट्ट्यांतला हवेचा वाटा काढतात.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत हे अनुमान सोपाधिक, म्हणजे एका अटीवर अवलंबून असलेले, आहे. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ ही व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य, ओल्या सरपणावाचून टिकत नाही; ओले सरपण ही तिथली उपाधी. ‘अवरक्त उजेड तो हवेचा’ या व्याप्तीची उपाधी म्हणजे स्वच्छ पाणी. खंभातच्या आखातातल्या गढूळ पाण्यात गाळही अवरक्त प्रकाश परतवतो. तो उजेड हवेच्या खाती पडतो, निळ्यातून वाजवीपेक्षा जास्त वजा होते आणि कधी उत्तर चक्क ऋण येते. अधिक लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरला की हा दोष कमी होतो, पण दुरुस्ती गृहीतकावाचून होत नाही.

मग अशा ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे खरेपणा, कोठून येते? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते. दोष दिसेपर्यंत ते मानावे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः, म्हणजे दुसऱ्या ज्ञानाने आणि सफल प्रवृत्तीने कळते. जलसर्वेक्षणाची रीत नैयायिकांच्या जवळची आहे: उपग्रहाची खोली नौकेवरच्या प्रतिध्वनिमापकाशी ताडून पाहतात. पण त्या यंत्रालाही भरती-ओहोटीची आणि पाण्यातल्या ध्वनिवेगाची दुरुस्ती लागते. प्रत्येक मापाला दुसरे माप साक्षी म्हणून मागितले तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी, येते, हा मीमांसकांचा आक्षेप येथे लागू पडतो. नैयायिकांचे उत्तर असे की संशयाला कारण असेल तेथेच पडताळा हवा. व्यवहारानेही हीच वाट धरली आहे: सागरी नकाशांवर खोलीच्या आकड्यांबरोबर त्यांच्या विश्वसनीयतेचा वर्गही दाखवतात, आणि कोठे किती संशय धरायचा हे नाविकाला त्यावरून ठरवता येते.