पसंतीक्रम भरण्यापूर्वी

वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. याच रस्त्याने दक्षिणेला निघून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो आणि विद्यापीठही बदलते. नदीच्या अलीकडे १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ, पलीकडे १९८३चे अमरावती विद्यापीठ. शेजारचा चंद्रपूर जिल्हा २०११पासून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेला आहे. बारावी झालेल्या मुलीला घरी-दारी विचारले जाते, ‘कोणत्या विद्यापीठात जाणार?’ बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. जवळपास राहूनच करायचे असेल, तर बहुतेक वेळा याचे उत्तर जिल्ह्याच्या सीमेने आधीच दिलेले असते. खरी निवड उरते ती महाविद्यालयाची. घरातली चर्चा मात्र तिथपर्यंत क्वचितच पोहोचते.

पदवीवरचे नाव आणि प्रत्यक्ष मिळणारे शिक्षण यांत किती अंतर असू शकते, हे वर्धा जिल्ह्यातच दिसते. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्यांना पदवी मिळते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, राज्यातल्या इतर बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत मिळते तीच. पण इथे प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिराला राहते, घरोघरी जाऊन कुटुंबांच्या आरोग्याची माहिती घेते. पदवीच्या कागदावर याची नोंद नसते. डॉक्टर घडतो तो मात्र यातूनच.

म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना शोधायला लावाव्यात अशा गोष्टी वेगळ्याच आहेत. त्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावर काम चालले आहे? प्रयोगशाळा रोज उघडते की परीक्षेपुरतीच? वसतिगृहात जागा मिळेल का? ही उत्तरे माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत. कामाच्या दिवशी तिथे जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलले, तर तासाभरात सापडतात.

खर्चाचा हिशोबही असाच नीट मांडावा लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांच्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५पासून राज्य सरकार पूर्ण भरते. हा फार मोठा आधार आहे. तरी खोलीचे भाडे, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च घरावरच राहतो. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला पहिल्या वर्षापेक्षा तिसरे वर्ष जड जाते. सगळ्या वर्षांचा आकडा आधीच मुलीसमोर ठेवावा. तो तिच्यापासून लपवण्यात माया असेल, पण मदत नाही.

दूरचे मोठे विद्यापीठ गाठण्याची वाट जवळच्या पदवीने बंद होते, ही भीतीही तपासून पाहावी. डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकले. पुढे त्यांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले. त्यानंतर ते आणि डॉ. राणी बंग सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि परतून गडचिरोलीत आरोग्याच्या कामाला लागले. कोणत्या प्रश्नावर काम करायचे हे स्पष्ट झाले, की कोणते विद्यापीठ हवे तेही स्पष्ट होते. सतराव्या-अठराव्या वर्षी तो प्रश्न सापडलेलाच असेल असे नाही. अशा वेळी चांगले शिक्षक आणि भरपूर वाचन मिळेल ती जागा अधिक कामाची.

शेवटी प्रश्न पसंतीक्रमाचा. अभियांत्रिकीच्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद होतात. गावात प्रवेशाचा अर्ज पुष्कळदा सेतू केंद्रातला मुलगा किंवा शहरातले एखादे काका भरून देतात. माहिती सर्वांकडून घ्यावी, शंका सर्वांनी काढाव्यात. पण पसंतीक्रमाची पहिली ओळ मुलीने स्वतः लिहावी आणि ती का लिहिली हे आईवडिलांना समजावून सांगावे. त्यासाठी निकाल आणि अर्जाची शेवटची तारीख यांमधले दिवस पुरेसे आहेत.