विदूषक आणि नागरिक

सत्ताधाऱ्यांना हंसणें हें नागरिकाचें कर्तव्य खरें. पण नुसत्या हंसण्यानें तें पुरें होतें काय? इटलींतील विनोदी नट बेप्पे ग्रिल्लो हे २००५ सालीं ब्लॉग लिहूं लागले व त्यांत त्यांनीं राजकारणी पुरुषांची यथेच्छ रेवडी उडविली. लोक पोट धरून हंसले. परंतु ग्रिल्लो तेवढ्यावर थांबले नाहींत. न्यायालयानें दोषी ठरविलेल्यांस संसदेंत स्थान नसावें, अशा कायद्यासाठीं ८ सप्टेंबर २००७ रोजीं गांवोगांवच्या चौकांतून सह्या घेण्यांत आल्या. त्या तीन लाखांवर गेल्या. हंसणारा प्रेक्षक त्या दिवशीं नागरिक झाला.

पुढें २००९ मध्यें ग्रिल्लोंचा पक्ष निघाला आणि २०१३ च्या निवडणुकींत मत देणाऱ्या दर चौघांपैकीं सुमारें एकानें त्यास कौल दिला. खरा प्रश्न येथेंच उभा राहतो. राजाचे दोष विदूषकानें दाखवावे. पण विदूषकच सिंहासनापाशीं पोंचला म्हणजे त्याचे दोष कोणीं दाखवावे? आमच्या मतें, तें काम त्याच्याच चाहत्यांचें. प्रतिपक्षावरील विनोदास टाळी देणें सोपें आहे; आपल्या माणसावरील विनोद ज्यास सोसवतो, त्यासच दुसऱ्यास हंसण्याचा अधिकार पोंचतो.