मागितले, पण मिळाले काय?



मागणाऱ्याला स्वर्गीय पिता रिकाम्या हाताने पाठवत नाही, असे अभिवचन प्रभू येशूने आपल्याला दिले आहे (मत्तय ७:७-११). पण आपल्या जुन्नर-आंबेगावात एकाच बाकावर बसून दोघे प्रार्थना करतात. एकाचा कांदा काढून शेतात पडलेला असतो. तो म्हणतो, ‘देवा, पाऊस आवर.’ दुसऱ्याच्या विहिरीने तळ गाठलेला असतो. तो म्हणतो, ‘देवा, पाऊस पाड.’ देवाने कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न हसण्यावारी नेता येईल. पण ३० जुलै २०१४ ची सकाळ तशी नेता येत नाही. त्या दिवशी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. त्या घरांतही देवापुढे हात जोडले जात होते. मग त्यांची श्रद्धा कमी पडली का? असे आपण कोणाही दुःखी माणसाला कधीच म्हणू नये. ते जखमेवर मीठ चोळणे आहे. ‘का?’ ह्या प्रश्नाचे तयार उत्तर आम्हां धर्मगुरूंकडेही नाही.

गेथशेमानी बागेत प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. प्याला टळला नाही. तरीही इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते की, त्याची प्रार्थना ऐकण्यात आली (५:७). हे कसे? पित्याने त्याला मरणापासून दूर ठेवले नाही, तर मरणातून उठवले. तेच अभिवचन नोंदवताना संत लूक म्हणतो की, पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा देतो (११:१३). म्हणजे मागितलेली वस्तू मिळो न मिळो, देव स्वतःला देण्याचे नाकारत नाही.

मग पाऊस, पीक, आजारपण यांसाठी मागूच नये का? जरूर मागावे. लेकराने बापाकडे नाही मागायचे, तर कोणाकडे? मात्र मागून झाल्यावर प्रभूप्रमाणे पित्याच्या इच्छेपुढे मान लववावी, आणि उठून शेजाऱ्याचा कांदा झाकायला हात लावावा. माळीणमध्ये भर पावसात चिखल उपसणाऱ्या हातांतूनही पिता आपल्या लेकरांजवळ आला होता.

आज मिस्सेत आपल्या विनंतीबरोबर शेजारी बसलेल्याची विनंतीही वेदीपुढे ठेवू या.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू