चालू आहे, साहेब!

मराठी भाषेत 'चालू' हा एक भलताच चालू शब्द आहे. घड्याळ चालू आहे म्हटले की ती घड्याळाची स्तुती होते. माणूस चालू आहे म्हटले की अब्रूचे खोबरे होते. म्हणजे निर्जीवाचा जो गुण, तोच सजीवाचा अवगुण! या दोन अर्थांची हमखास गाठ पडण्याचे ठिकाण म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. तिथे विकणारा हातातली वस्तू पुढे करून सांगतो, "चालू आहे, साहेब!" हे वाक्य नक्की कोणाला उद्देशून होते, याचा उलगडा गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर होतो.

आमच्या नांदगावच्या आठवडे बाजारात भाजी, मिरच्या, दोरखंड अशा रांगा ओलांडून पुढे गेले की एक गृहस्थ गोणपाट अंथरून बसलेले दिसतात. गोणपाटावर कुणाच्या तरी संसारातून निवृत्त झालेली विजेची उपकरणे मांडलेली असतात. इस्त्र्या, टेबलफॅन, पाणी तापवायचे रॉड, भांडे नसलेला मिक्सर आणि त्याच्याच शेजारी मिक्सर नसलेले भांडे. उन्हाळ्याच्या तोंडावर एखादा पत्र्याचा कूलरही मोठ्या भावासारखा मागे उभा असतो. आमचे गाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावरचे. बदलीची माणसे येतात, चार वर्षे राहतात आणि जाताना जड सामान मागे ठेवून जातात. विलायतेत लोक सुटीच्या दिवशी मैदानात मोटारी लावतात आणि डिक्या उघडून घरातले जुने सामान विकतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईला चोरबाजार आहे, आणि हल्ली तर मोबाईलवरही जुना बाजार भरतो. डिकी असो, गोणपाट असो की मोबाईल असो, वाक्य एकच. चालू आहे, साहेब!

या बाजारात सर्व काही मिळते, फक्त एक गोष्ट नसते, ती म्हणजे वीज. मोकळ्या मैदानात खटका कुठून आणणार? त्यामुळे गिऱ्हाईक आपापल्या पद्धतीने परीक्षा घेते. कोणी मिक्सर कानाशी नेऊन हलवतो, जणू काही नारळातले पाणीच ऐकतो आहे. कोणी पंख्याचे पाते बोटाने फिरवतो आणि ते फिरले की समाधानाने मान हलवतो. (पाते बोटाने फिरवायचे असेल, तर पुठ्ठा काय वाईट?) कोणी इस्त्री हातात तोलून "वजनदार आहे" असा अभिप्राय देतो. शनिवारी लोखंड घरात आणू नये, हे मात्र सर्वांना पाठ. तालुक्यातच नस्तनपूरला शनिमहाराजांचे प्रसिद्ध देवस्थान आहे, तेव्हा तिथे धोका कोण पत्करील? वार बघतात, मुहूर्त बघतात. वायर तेवढी कोणी बघत नाही.

गंमत अशी, की हीच माणसे बैल घ्यायला गेली की केवढी चिकित्सा करतात! तोंड उघडून दात मोजतील, दुसा आहे की चौसा आहे की जुळलेला आहे ते बघतील. अंगावरचे भोवरे तपासतील. चार पावले चालवतील, औताला जुंपून पाहतील. भावाची बोलणी रुमालाखाली बोटे धरून होतील, पण खोड मात्र उघड विचारतील, "मारका तर नाही ना?" बैलाचे एक बरे असते. त्याची अंगात मुरलेली खोड फार दिवस लपत नाही. तो बाजारातच एखादी लाथ घालून आपले चारित्र्य जाहीर करतो. मिक्सरला दात नसतात, आणि लाथ मारण्यासाठी तो आपल्या ओट्यावर पोहोचेपर्यंत थांबतो.

आत काय दडलेले असते बघा. जळालेल्या मोटरचे वाइंडिंग पुन्हा भरून घेताना तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरली, तर ती स्वस्त पडते. वरून तांबूस रंगाचा थर असला म्हणजे झाले, नाव सोनुबाई! पण तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार विजेला तांब्याच्या दीडपटीहून अधिक अडवते, म्हणजे तापतेही अधिक. मग इस्त्रीची वायर. तिच्या मधोमध चिकटपट्टीचा एक जाड मफलर गुंडाळलेला असतो. आत घसा कितपत बसला आहे, ते वरून समजत नाही. आणि सर्वांत साळसूद म्हणजे ती पिन. तीन दांड्यांपैकी लांब आणि जाड असते ती अर्थिंगची. ती मुद्दाम लांब ठेवतात, म्हणजे आत जाताना सर्वांआधी तीच जोडली जाते आणि निघताना सर्वांत शेवटी सुटते. घरातल्या कर्त्या माणसासारखीच. जुन्या उपकरणात बहुधा हीच गायब असते. कुठल्या तरी घरी दोनच भोकांचा खटका होता, म्हणून कुणीतरी पक्कड घेऊन कर्त्या माणसालाच घराबाहेर काढलेले असते.

आता मुद्दा नीतीचा. विकणाऱ्याने हे सांगावे की नाही?

आमच्या चहाच्या टपरीवर हा विषय निघाला तेव्हा ताबडतोब दोन पक्ष पडले. वकीलसाहेब म्हणाले, "1930 चा मालविक्रीचा कायदा, कलम 16 बघा. काही अपवाद सोडले, तर घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवायचे."

गुरुजी म्हणाले, "साहेब, डोळे उघडे ठेवल्यावर वाइंडिंग दिसतं का हो?"

"त्यानं खोटं कुठं सांगितलं? तो फक्त बोलला नाही."

"मग तर झालंच! न बोलण्याचेच पैसे घेतले की त्यानं."

टपरीवाल्यासकट सर्वांना वाटले, की हा वाद आपणच पहिल्यांदा काढला. प्रत्यक्षात तो दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. रोमच्या सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात तो येतो. एक माणूस घर विकतो आहे. घराचे लाकूड किडलेले आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात. हे मालकाखेरीज कोणाला ठाऊक नाही. त्याने सांगावे का? डायोजेनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, गप्प बसणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहूनही हे वाईट. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. म्हणजे आमच्या गुरुजींच्या बाजूने! गुरुजींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी त्या दिवशीच्या चहाचे पैसे दिले.

आपल्याकडेही कौटिल्याने याचा विचार केला होता. सौदा केल्यावर पस्तावलेल्याला माघार घेण्यासाठी अर्थशास्त्रात मुदत सांगितली आहे. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. मालातच दोष निघाला, तर माघारीबद्दल दंड नाही. आमचा गोणपाटवाला याबाबतीत कौटिल्याहून उदार आहे. "नाही चालली तर पुढच्या बाजारी आणून द्या," म्हणजे रोख सात रात्री. फक्त पुढच्या बाजारी वस्तू येते आणि गोणपाट येत नाही, असे कधी कधी होते.

पण माझ्या मते सिसेरोचे साप आणि वकीलसाहेबांचे कलम, दोन्ही इथे थोडे अपुरे पडतात. 'घेणाऱ्याने सावध राहावे' हे तत्त्व साडीला चालेल, सायकललाही चालेल. तिथे फसला तर घेणाराच फसतो. विजेच्या वस्तूचे तसे नाही. कूलर घेतो बाप. भावात पन्नास रुपये कमी करून घेतल्याच्या आनंदात तो कामावर निघून जातो. दुपारी त्या पत्र्याच्या पेटीत ओल्या हाताने पाणी ओतते आई. तिच्या पदराला धरून फरशीवर अनवाणी उभे असते पोर. अर्थिंग नसेल आणि पत्र्याला करंट उतरलेला असेल, तर बाजारातल्या घासाघिशीशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या वाट्याला सौद्याचा परिणाम येतो. त्यांनी काय म्हणून सावध राहायचे? त्यांना कोणी विचारले होते?

आणि वीज किती लागते म्हणता? जुन्या 60 वॅटच्या बल्बमधून सुमारे 260 मिलिअँपिअर करंट वाहतो. माणसाच्या रक्षणासाठी जे आर.सी.सी.बी. बसवतात, ते 30 मिलिअँपिअर गळतीला बंद पडण्यासाठी केलेले असते. म्हणजे बल्बच्या आठव्या हिश्श्यालाही धोका धरलेला आहे. "आमच्याकडे फ्यूज आहे" म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की फ्यूज वायरचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण हे त्याच्या कामाच्या यादीत नाही.

मग दोष त्या गोणपाटवाल्याचा? मला तसे म्हणवत नाही. उन्हात बसून दिवसाकाठी चार पैसे मिळवणाऱ्या त्या माणसाला इस्त्रीचा पूर्वेतिहास कुठून ठाऊक असणार? त्याने ती भंगारवाल्याकडून घेतली. भंगारवाल्याने ती एका चांगल्या, सुशिक्षित, पडदे लावलेल्या घरातून घेतली. ती झटका देते हे पक्के ठाऊक असलेला माणूस त्या घरात होता. तिला हात लावायचा नाही, असे त्याने स्वतःच्या मुलांना बजावलेही होते. भंगारवाला दारात आला, तेव्हा मात्र तो वजनाबद्दल भांडला आणि झटक्याबद्दल गप्प बसला. ते पहिले मौन. पुढची सर्व मौने अज्ञानाची असतात, पण हे पहिले माहितीचे असते. आपल्या मुलांना जे सांगितले, ते परक्याच्या मुलांना सांगायला शब्द काही वेगळे लागत नाहीत.

इंग्लंडमध्ये धंदा म्हणून जुनी उपकरणे विकणाऱ्यावर ती सुरक्षित असल्याची जबाबदारी कायद्याने टाकली आहे. चांगली गोष्ट आहे. पण तुमच्याआमच्या दारातल्या सौद्यात कुठलाही इन्स्पेक्टर येऊन उभा राहणार नाही. तिथे एक पक्कड पुरते. घेणाऱ्याने जुनी वस्तू आणली तर खटक्यात घालण्याआधी वायरमनला दाखवावी, अर्थिंग तपासून घ्यावे. त्याचे पैसे वस्तूच्या किमतीतच धरावेत. तेवढे धरूनही स्वस्त पडत असेल, तरच ती स्वस्त. आणि देणाऱ्याने, वस्तू झटका देत असेल तर, भंगारात टाकण्यापूर्वी तिची वायर मुळापासून कापून टाकावी. किलोमागे भाव तोच मिळतो. शिवाय वायर कापलेली इस्त्री हातात धरून "चालू आहे, साहेब" म्हणण्याची हिंमत, माणूस कितीही चालू असला, तरी त्याला होत नाही.