दर्शन आणि दुसऱ्याचा जीव

देवदर्शनासाठी कष्ट सोसावेत, ही शिकवण आपणांस बाळपणापासून मिळते. परंतु ते कष्ट, आणि प्रसंगी धोकाही, दुसऱ्याने आपल्यासाठी सोसला, तर त्या पुण्याचा हिशेब कसा मांडावा? हा प्रश्न आम्हांस एका लहानशा सहलीत पडला.

आदिलाबाद-निर्मल मार्गावरील इचोडा येथे आम्ही एका स्नेह्यासह कामानिमित्त गेलो होतो. काम लवकर आटोपले, म्हणून कुंटाला धबधबा पाहावयास निघालो. कडेम नदी तेथे सुमारे दीडशे फूट खाली कोसळते आणि पुढे गोदावरीस मिळते. शकुंतलेवरून हे नाव पडले, अशी लोकांची समजूत आहे. धबधब्याच्या कपारीत शिवलिंग आहे. त्यास सोमेश्वर म्हणतात. महाशिवरात्रीस तेथे भाविकांची रीघ लागते. तळचे डोह मात्र फसवे. त्यांत आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत.

आम्ही गेलो ते भाद्रपदात. मुलाच्या दुखण्यात स्नेह्याने शिवास अभिषेक बोलला होता. त्यात सोमवार, आणि समोर सोमेश्वर! पाण्याचा गडू घेऊन तो पायऱ्या उतरू लागला. कणसे भाजीत बसलेला एक वृद्ध गोंड म्हणाला, "साहेब, आता नको. देव पाण्यात आहे. शिवरात्रीला या."

"बाबा, देवापाशी जायला मुहूर्त कसला?" असे म्हणून स्नेह्याने शंभराची नोट पुढे केली. म्हाताऱ्याने पाण्याकडे पाहिले, न खपलेल्या कणसांकडे पाहिले, आणि तो उठला. "चला, मी पुढं होतो."

जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्यास मागाहून तक्रार करता येत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व. त्यालाही अपवाद आहेत. इंग्लंडात १९३५ साली, उधळलेले घोडे आवरताना जखमी झालेल्या पोलिसास न्यायालयाने भरपाई नाकारली नाही; कारण तो कर्तव्यापोटी धावला होता. येथे मात्र वकील म्हणून आम्हांस म्हाताऱ्याच्या संमतीत वैगुण्य दाखविणे कठीण गेले असते. तरीही आम्ही स्नेह्याचा हात धरला.

तो रागावला. "मग केदारनाथास डोली कोणी उचलूच नये काय?"

आक्षेप खोटा नव्हता. क्षणभर आम्हीही निरुत्तर झालो. पण डोलीवाला आपल्या अनुभवाच्या आधाराने पाऊल टाकतो. या म्हाताऱ्याने आपला अनुभव 'नको' या एका शब्दात सांगून टाकला होता. आमच्या नोटेने त्याचे श्रम विकत घेतले नव्हते. तो शब्दच विकत घेतला होता. ज्याची गरज मोठी, त्याचा नकार स्वस्त होतो. अशा स्वस्ताईवर उभारलेली भक्ती देवास कशी रुचावी?

आपल्या देवळांतही पालखी खांद्यावर घेणारे, रथ ओढणारे, उंचावर चढून दीप लावणारे असतात. त्यांचा होकार आपण गृहीत धरतो. त्यांनी कधी नकार दिला, तर तो ऐकून घेण्याची आपली तयारी असते काय?

स्नेही बराच वेळ बोलला नाही. मग त्याने त्याच नोटेची कणसे घेतली आणि गडूतील पाणी काठावरूनच सोडले. नवस फिटला किंवा नाही, ते सोमेश्वर जाणे. शिवरात्रीस पुन्हा जावयाचे ठरले आहे.