अप्पलपोटा

लाडू लपवून खाल्ला की आजी म्हणायची, "अप्पलपोटा मेला!" 'स्वार्थी' हा शब्द जरा सभ्य; अप्पलपोटा मात्र थेट ताटावर बोट ठेवतो. गीतेच्या 3ऱ्या अध्यायात, 13व्या श्लोकात भगवंतांनी हेच सांगितले आहे. यज्ञ करून उरलेले खाणारे पापमुक्त होतात. केवळ स्वतःसाठी शिजवणारे पापच खातात.

डॉक्टर म्हणून मला पोटाची बाजू घ्यावीशी वाटते! बिचारे जठर अन्न घुसळून पुढे आतड्याकडे सोडते, तिथून ते रक्तावाटे साऱ्या देहाला मिळते. स्वतःपुरते काही ठेवत नाही.

गेल्या गणेशोत्सवात ड्यूटी संपवून उशिरा देवळात आलो. जेवलो, आणि उद्यासाठी म्हणून महाप्रसादाचे दोन डबेही भरून गाडीत ठेवले. निरोप घ्यायला स्वयंपाकघरात डोकावलो, तर पहाटेपासून राबलेल्या वहिनी रिकामी पातेली घासत होत्या.

"तुम्ही जेवलात ना?"

"तुमचं झालं ना, डॉक्टर? आम्ही घरी बघू काहीतरी."

लाज वाटली, इतकी की डबे परत आणायचेही धैर्य झाले नाही. यंदा वाढप्यांच्या यादीत माझे नाव लिहून घ्या. बसेन शेवटच्या पंगतीला, वहिनींबरोबर.